पडलेल्या बाणाचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले, की शहर मागे पडते न पडते तोच वाळूज लागते. आज वाळूज म्हटले की डोळ्यांपुढे कारखानेच उभे राहतात. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची दाट वस्ती झाली. परंतु हा टापू कारखान्यांहून पुष्कळच जुना आहे. देवगिरी, पैठण आणि नगर या तीन सत्तास्थानांच्या मध्ये पडलेल्या या भूमीने किती फौजा जाता-येता पाहिल्या, याची मोजदाद नाही. त्यांपैकी एकीचीच आठवण येथे करावयाची आहे. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्ली नावाचा चौतीस वर्षांचा इंग्रज सेनानी नगरचा किल्ला घेऊन, गोदावरी ओलांडून औरंगाबादेस आला. पुढे २३ सप्टेंबरला असईच्या रणात त्याने काय केले, ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण याच वेलस्लीवर चार वर्षांपूर्वी, ५ एप्रिल १७९९ च्या रात्री, श्रीरंगपट्टणाजवळ सुलतानपेठेच्या राईतून गोंधळून माघार घेण्याची पाळी आली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या रात्रीच्या काळोखात बंदुकांच्या जोडीला टिपूचे अग्निबाण सुटत होते.

अग्निबाण आणि वाळूज यांची सांगड माझ्या मनात पडली ती मात्र एका फळीमुळे. तेथील माझ्या एका स्नेह्यांचा लेथ यंत्रांचा लहानसा कारखाना आहे. त्यांच्या कचेरीत, गणपतीच्या तसबिरीखाली, एका लाकडी फळीवर बिघडलेले लोखंडी तुकडे ओळीने मांडून ठेवलेले असतात. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घातलेला. "हे भंगारात का घालीत नाही?" असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अहो सर, हे भंगार नाही, ही फी आहे. पहिला जॉब बरोबर निघेपर्यंत भरलेली." आणि जरा थांबून, "ही फी भरायची कोणी, आम्ही की माल मागणाऱ्यानं, एवढंच काय ते भांडण असतं."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. सैन्याने मागितलेल्या किंवा सैन्याच्या पैशाने घडलेल्या अग्निबाणांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्या साऱ्या इतिहासाची किल्ली याच वाक्यात आहे असे मला वाटू लागले.

अग्निबाण ही वस्तूच अशी आहे, की तिची खरी परीक्षा जमिनीवर होत नाही. त्याचे इंजिन जमिनीला जखडून पेटवता येते, टोकाचे कवच भट्टीत तापवता येते, सुकाणूची यंत्रणा टेबलावर हालवून पाहता येते. परंतु हे सारे एकाच वेळी, एकाच धक्क्यात, विरळ होत जाणाऱ्या हवेत कसे वागेल, हे उड्डाण केल्यावाचून कळत नाही. आणि उडालेला अग्निबाण परत हाती येत नाही. तोफेचा गोळा चुकला तरी तोफ उरते. अग्निबाण चुकला तर इंजिन, कवच, सुकाणू आणि वर्षा-दोन वर्षांची मेहनत यांची एका क्षणात राख होते. उरतात ते फक्त लिहून घेतलेले आकडे. म्हणून चाचणीसाठी पैसा देणाऱ्याला आरंभीच मनाशी ठरवावे लागते, की आपण विकत घेतो आहोत ते हे आकडे. पडलेला बाण हा त्या आकड्यांचा भाव होय.

म्हैसूरकरांचे बाण लोखंडी नळीचे होते, म्हणून त्यांत दारू घट्ट ठासता येई आणि ते दूर जात. टिपूच्या फौजेत प्रत्येक कुशूनला, म्हणजे पलटणीला, सुमारे दोनशे बाणदार जोडून दिलेले असत. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा इंग्रजांना तेथे बाण सोडण्याची ६०० साधने, ७०० तयार बाण आणि ९००० रिकाम्या नळ्या मिळाल्या. कल्पना, कारागिरी आणि रणांगणावरचा अनुभव हे सारे म्हैसुरात होते. परंतु राज्य बुडाले, कारागीर पांगले, आणि त्यांची विद्या त्यांच्या हातांबरोबरच गेली.

हे बाण विलायतेत पोचल्यावर काय झाले, ते पाहण्याजोगे आहे. विल्यम काँग्रीव्ह नावाच्या गृहस्थाने प्रथम स्वतःच्या खिशातून पैसे घालून लंडनच्या बाजारातील मोठ्यात मोठे शोभेचे बाण विकत घेतले आणि ते उडवून पाहिले. ते म्हैसूरच्या बाणांच्या निम्मेच जात! काही शेकडा पौंड असे खर्ची पडल्यावर त्याने सरकारकडे धाव घेतली, आणि वुलिच येथील सरकारी शस्त्रागारात मोठे बाण बनविण्याची त्याला परवानगी मिळाली. १८०५ पर्यंत त्याचे बाण २००० यार्ड जाऊ लागले. त्याच वर्षी फ्रान्सच्या बूलोन्य बंदरावर ते प्रथम वापरावयाचे ठरले, पण वादळी हवेने सारा बेत फसला. येथे खरी कसोटी होती. सरकारने हात आखडता घेतला असता, तर काँग्रीव्हचे नाव आज कोणाला ठाऊक नसते. परंतु दुसऱ्या वर्षी पुन्हा आरमार निघाले, पुन्हा बाण सुटले, आणि या खेपेस बूलोन्य पेटले. बाण म्हैसूरचा, पण त्याच्या अपयशाचा खर्च सोसणारी तिजोरी लंडनची, म्हणून नाव झाले काँग्रीव्हचे.

यावरून कोणी असे म्हणेल, की सैन्याची तिजोरी मोकळी सुटली म्हणजे शास्त्राचे भले होते. हा निष्कर्ष किती घातकी आहे, हे विसाव्या शतकातील जर्मनीने दाखविले. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या तोफांवर बंधने घातली. अग्निबाणांचा उल्लेख करावयाचे मात्र कोणाला सुचले नाही. १९३२ साली तेथील लष्कराने तरुण वेर्नर फॉन ब्राऊन याला आपल्या पदरी घेतले. बाल्टिक समुद्राकाठी पेनेम्युंड येथे प्रचंड केंद्र उभे राहिले. १९४२ च्या जूनमधील चाचणी फसली, ऑगस्टमधीलही फसली. ३ ऑक्टोबरला अग्निबाण सुमारे ८५ किलोमीटर उंच चढला आणि १९० किलोमीटर दूर जाऊन पडला. अपयशाने न खचणारी तिजोरी येथेही होती. परंतु तिला हिशेब विचारणारा कोणी नव्हता. पुढे हेच अग्निबाण डोंगराच्या पोटातील बोगद्यांत कैद्यांकडून बनवून घेण्यात आले, आणि त्या मिटेलबाऊ-डोरा छळछावणीत सुमारे २० हजार माणसे मेली. चंद्रावर जाणाऱ्या वाटेच्या पायथ्याशी ही हाडे आहेत, हे कोणत्याही अवकाशप्रेमी माणसाने विसरू नये.

युद्धानंतर त्या अग्निबाणांचे सांगाडे अमेरिकेने उचलून नेले. १६ एप्रिल १९४६ पासून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ते उडू लागले. लष्कराला अग्निबाण कसा हाताळावा हे शिकावयाचे होते. त्यामुळे स्फोटकाची जागा रिकामीच होती. ती शास्त्रज्ञांना देण्यात आली, आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला अवकाशातून काढलेले पृथ्वीचे पहिले छायाचित्र माणसाच्या हाती आले. १९५८ साली अमेरिकेने नागरी अवकाश-संस्था वेगळी काढली, तरी सैन्याच्या प्रयोगशाळांत नव्या उपकरणांचा साठा वाढतच होता. उपकरण आहे, पण ते वर न्यावयास अग्निबाण नाही, अशी स्थिती. म्हणून १९६५ साली संरक्षण खात्याने एक मध्यवर्ती व्यवस्था उभारली. भूदल, नौदल, वायुदल यांनी आपापले प्रयोग तिच्यापुढे मांडावेत, तिने त्यांची गुणानुक्रमे यादी करावी, आणि ज्या उड्डाणात जागा मिळेल त्यात वरच्या क्रमांकाचा प्रयोग बसवून द्यावा. दिसावयास ही कारकुनी आहे. पण मोठ्या मानाच्या मोहिमेत एखादे न पारखलेले उपकरण कोणी घालू धजत नाही, आणि उडाल्यावाचून ते पारखले जात नाही. हा पेच सोडविण्यासाठी, फसण्याची मुभा असलेली अशी एक स्वस्त पायरी मुद्दाम बांधून ठेवावी लागते.

आता आपल्या घरी येऊ. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावर थुंबा येथून भारतातील पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन होता, आणि त्याचा खालचा टप्पा विमानवेधी लष्करी क्षेपणास्त्राच्या नमुन्यावरून घेतलेला होता. म्हणजे आपल्या अवकाश-विद्येचा पहिला श्वासही सैनिकी नळीतूनच गेला. परंतु पैसा सैन्याचा नव्हता. थुंबाचा खर्च मुंबईत कचेरी असलेल्या अणुशक्ती खात्यातून होत होता. जागेच्या पाहणीत आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. चीनच्या आक्रमणात पोळलेल्या देशाने नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांना दिल्लीस बोलावून घेतले होते. १९६४ साली संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात आखली गेली. बंदुका, विमाने, डोंगरी पलटणी यांनाच पैसा पुरेना, तेथे न उडालेल्या अग्निबाणासाठी तो कोठून येणार?

हे एका परीने बरेच झाले. विक्रम साराभाईंनी नागरी छायेत धीम्या शास्त्राला वाढू दिले. १९६७ साली पुण्याचे वसंत गोवारीकर इंग्लंडमधील काम सोडून थुंबास आले आणि घन इंधनाच्या मागे लागले. रबरासारख्या पदार्थात रासायनिक भुकटी मिसळून, तिचा एकही बुडबुडा न राहील असा ओतीव ठोकळा करावयाचा. त्यात केसाएवढी भेग राहिली तरी आग तिच्यात शिरून नळी फुटावयाची. परदेशातून विकत न मिळणारी ही विद्या येथे घोटली गेली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे साखर-कारखान्यांची यंत्रे करणारे गाव. १९७३ पासून तेथील कारखान्यात अग्निबाणांची कवचे होऊ लागली. उसाच्या चरकाला लागणारी जाड पोलादाची जाण आकाशाच्या कामी आली.

याच काळात सैन्याच्या तिजोरीतून मात्र एक वेगळा प्रयत्न चालला होता. १९७२ च्या सुमारास हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत एका रशियन विमानवेधी क्षेपणास्त्राची उलगडून नक्कल करण्याचे काम निघाले. त्याचे नाव 'डेव्हिल'. १९८० साली ते बंद झाले. सैन्याच्या हाती शस्त्र पडले नाही. वाया गेले काय? पैसा देणाऱ्यांच्या दृष्टीने गेले. पण इंजिने बनविण्याची जी सामग्री आणि जी माणसे त्यात तयार झाली, त्यांच्याच खांद्यावर पुढे 'पृथ्वी' उभे राहिले.

नागरी बाजूलाही अपयश चुकले नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेला एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातील एका झडपेतून आम्ल गळाले होते. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम. पण वार्ताहरांपुढे जाऊन त्या अपयशाची जबाबदारी घेतली ती संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केले. फी कोणी भरावी याचे याहून उमदे उत्तर आपल्या इतिहासात मला आढळले नाही.

कलाम १९८२ साली हैदराबादच्या त्याच संरक्षण प्रयोगशाळेत आले. एकेक क्षेपणास्त्र क्रमाक्रमाने करावे अशी योजना त्यांच्या मंडळींनी मांडली होती, संरक्षणमंत्री आर. वेंकटरामन यांनी सगळी एकदमच हाती घ्या असे सुचविल्याचे कलामांनी लिहून ठेवले आहे. १९८३ साली पाच प्रकल्पांसाठी मिळून ३८८ कोटी रुपये मंजूर झाले. या मंजुरीतील खरी नवलाई रकमेत नव्हती. निर्णय मंत्रालयाच्या पायऱ्या चढत बसू नयेत म्हणून कार्यक्रमाला स्वतःची व्यवस्थापन-मंडळे मिळाली, आणि शस्त्र घेणारे सैनिक आरंभापासून शास्त्रज्ञांच्या शेजारी बसले. पाचांपैकी 'अग्नी' तर शस्त्र म्हणून मागितलेलेच नव्हते. अवकाशाच्या सीमेपर्यंत चढून वातावरणात परत शिरणारी वस्तू जळू न देता कशी आणावी, हे शिकण्यासाठीचा तो प्रयोग होता. त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ चा, म्हणजे नागरी अवकाश-विद्येचा. दुसरा 'पृथ्वी'च्या घराण्यातला. थुंबाचा आणि डेव्हिलचा असे दोन्ही प्रवाह येथे एकत्र आले.

ओडिशाच्या चांदीपूर किनाऱ्यावर २० एप्रिल १९८९ रोजी उड्डाणाला चौदा सेकंद उरले असता गणकयंत्राने थांबण्याचा इशारा दिला. १ मे रोजी दहा सेकंद उरले असता पुन्हा तेच. देशभर चेष्टा झाली, व्यंगचित्रे निघाली, इंधन म्हणून आमचे लोणी वापरा, असा सल्ला एका प्रसिद्ध फलकाने दिला. वास्तविक पाहता यंत्रणेने आपले काम चोख बजावले होते. उडवून पाडण्यापेक्षा न उडविता दोष हाती लागणे ही सर्वांत स्वस्त फी. परंतु थांबण्याचे धैर्य लोकांना दिसत नाही, धूर तेवढा दिसतो. २२ मे रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी 'अग्नी' उडाले आणि ठरल्या मार्गाने गेले. पुढचे उड्डाण, २९ मे १९९२ चे, फसले. १९ फेब्रुवारी १९९४ चे साधले. मग पाच वर्षे सारे शांत होते, आणि ११ एप्रिल १९९९ रोजी 'अग्नी-२' उडाले. १९९२ च्या अपयशानंतर १९९४ ला मंजुरी मिळाली, हे मला या हकिगतीतील सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या यशानंतर पैसा देणारे पुष्कळ असतात.

पुण्याच्या पाषाण भागात याच गोष्टीची अधिक संथ आवृत्ती घडली. तेथील शस्त्रास्त्र-संशोधन संस्था १९५८ ची, स्फोटकांची प्रयोगशाळा १९६० ची. डिसेंबर १९८६ मध्ये 'पिनाक' या अनेक नळ्यांच्या अग्निबाण-प्रणालीसाठी २६ कोटी ४७ लाख रुपये मंजूर झाले आणि १९९२ च्या अखेरीस काम पुरे व्हावे असे ठरले. तसे ते झाले नाही. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत अद्याप चाचणीच्याच अवस्थेतील 'पिनाक' तोफखान्याबरोबर नेण्यात आले. पहिली पलटण २००० साली उभी राहिली. कागदावरची सहा वर्षे आणि प्रत्यक्षातली चौदा! यातली किती वर्षे शिकण्याची आणि किती दिरंगाईची, हा प्रश्न करदात्याने विचारलाच पाहिजे.

कारण अपयशाला माफी म्हणजे आळसाला माफी नव्हे. पाच प्रकल्पांतील 'त्रिशूळ' २००८ साली बंद करावा लागला. गुप्ततेच्या पडद्याआड शिकण्याचे अपयश आणि निष्काळजीपणाचे अपयश सारखीच दिसतात, ही लष्करी चाचण्यांची मोठी अडचण आहे. माझ्या मते त्यांतील फरक ओळखण्याची एकच खूण आहे. पडलेल्या बाणाने काय शिकविले ते लिहिलेले आहे काय, आणि पुढचा बाण त्याप्रमाणे बदलला काय? जेथे उत्तर 'होय', तेथे पैसा सत्कारणी लागला. जेथे तोच दोष पुन्हा उडाला, तेथे तो बुडाला. आणि ज्या देशात हा प्रश्न विचारण्याचीच सोय नसते, तेथे पेनेम्युंड जन्माला येते.

आता हा प्रश्न वाळूजसारख्या गावांच्या दाराशीही येऊन ठेपला आहे. २०१८ पासून संरक्षण खाते नव्या लहान कंपन्यांना प्रायोगिक कामासाठी अनुदान देऊ लागले. दीड कोटीपर्यंतची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते आणि तिच्या तोडीची रक्कम कंपनीनेही घालावयाची असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीनगरला केवळ अवकाशविषयक अशी ७५ आव्हाने सरकारने अशा उद्योगांपुढे ठेवली. गेल्या दिवाळीत हे मी माझ्या स्नेह्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे फी निम्मी निम्मी?"

"तसंच म्हणा," मी म्हणालो.

"आणि पहिला जॉब बिघडला तर दुसरा करू देतात का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. फळीवरच्या तुकड्यांपुढे वहिनींनी लक्ष्मीपूजनाची एक पणती ठेवली होती. यंत्रांची पूजा झाली होती. हिशेबाची वही उघडी होती, आणि तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक होते. बूलोन्यचे वादळ, बंगालच्या उपसागरात पडलेला एसएलव्ही, चांदीपूरचे चौदा सेकंद ही सारी मला त्या फळीवर ओळीने मांडलेली दिसली. त्यांच्या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर एवढेच आहे, की ज्यांना दुसरा बाण करू दिला, तेच पुढे गेले.